तरंगलेला खलिता

पालेर्मो, ११ ऑक्टोबर १८०९

तीर्थस्वरूप अँब्रोजमामांस,

जॅस्परचा आदरपूर्वक नमस्कार. आपला गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला? आणि आपली लव्हडे (मामेबहीण म्हणून सहज विचारतो) बरी आहे ना? मी खुशाल आहे, फक्त संतापाने घास उतरत नाही.

मामा, तुम्ही आरमारात तीस वर्षं काढलीत, म्हणून तुम्हालाच जाब विचारतो. युद्ध चालू असताना आम्ही वकिलातीतल्या माणसांनी रक्त आटवून खलिते लिहायचे आणि ते लंडनला पोचणं न पोचणं तुमच्या कप्तानांच्या मर्जीवर, हा कुठला न्याय? वकीलसाहेब मागच्या खलित्यावर अकरा दिवस खपले. (खपलो मी, सही त्यांची.) त्याच थैलीत लव्हडेला लग्नाची मागणी घालणारं माझं पत्र होतं, कारण मागणी घालून बसलेल्या त्या तारली मासळीच्या व्यापाऱ्याला ती नाताळपर्यंतच थोपवून धरणार आहे. (हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर आता झालं.) थैली न्यायला आले कप्तान हॉस्किन. सोळा दिवस बंदरात ठाण मांडून बसले आणि आमच्याकडच्या मॅकरोनीचा फडशा पाडत राहिले. निघा म्हटलं की म्हणायचे, "वारा कुठंय?" वारा सुटला की, "हा तो वारा नव्हे."

एकदाचे निघाले. तिसऱ्या दिवशी सार्डिनियाजवळ दूरवर एक शीड दिसलं. शत्रू दिसला की थैली समुद्रात टाकायची, हा नियम मला मान्य आहे. पण आधी दुर्बीण तरी लावाल? यांनी थैली भिरकावली, आणि शीड निघालं माल्टाला कांदे नेणाऱ्या आपल्याच होडीचं! त्यावर कडी म्हणजे बुडण्यासाठीच शिवलेली ती थैली खुशाल तरंगत गेली आणि फ्रेंचांच्या हाती लागली.

फ्रेंच कप्तानाने ती पांढरं निशाण लावून परत पाठवली. सोबत चिठ्ठी: "खलिता वाचला, नवीन काही नाही. तरुणाचं पत्र जेवताना सर्वांना मोठ्याने वाचून दाखवलं. आठ पानं, आणि मागणी सातव्यावर! शत्रू असलो तरी सांगतो, मुलीच्या बापाला दोन ओळींत विचारा." आता स्वयंपाकघरातली बाईसुद्धा मला विचारते, "मग, बार कधी उडवताय?" आणि नवी थैली न्यायला पुन्हा तेच हॉस्किन आलेत! मामा, या हॉस्किनला जहाजावरून उतरवा. तुमच्या जुन्या स्नेह्यांना आजच लिहा.

आपला नम्र भाचा,
जॅस्पर

ता. क. थैली बुडावी म्हणून तिच्यात शिशाच्या लाद्या असतात. त्या मीच काढल्या होत्या. लव्हडेसाठी घेतलेली बदामाच्या मिठाईची पेटी मावत नव्हती. हे आपल्यातच राहू द्या. (मिठाई उत्तम होती, असंही चिठ्ठीत आहे.)

पुन्हा ता. क. तर दोन ओळी. लव्हडे मला द्या. पण तिला विचारून द्या.

शेवटचं. या खेपेला शिसं दुप्पट भरलंय, म्हणजे पुन्हा शीड दिसलं तर हे पत्र तळालाच जाणार. राहवेना, म्हणून हॉस्किनसाहेबांना लाद्यांचं सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता खाल्लंच मला. पण ते कोटाच्या आतल्या खिशाचं बटण काढत म्हणाले, "थैलीत नको घालूस. इकडे आण." वर त्यांच्याबद्दल लिहिलेलं सगळं मागे घेतो, मामा. खोडत बसायला सवड नाही. ते हात पुढे करून उभे आहेत आणि म्हणतायत, हाच तो वारा.