शटडाऊननंतरचं ऑपरेशन

१८ नोव्हेंबर
जिभेच्या मुळाशी गाठ. कॅन्सरच. पण लहान आहे. रोबोट तोंडातूनच काढणार, गळा चिरायचा नाही, आवाज शाबूत. मला हसूच आलं. चाकणला कंपनीत बारा वर्षं वेल्डिंगचे रोबोट दुरुस्त करतोय, म्हणजे घरचाच माणूस! तंबाखू आजपासून बंद.

१९ नोव्हेंबर
तंबाखू उद्यापासून बंद. डबी भरलेली होती.
डॉक्टर मॅडमना विचारलं, तोंड उघडलं की जीभ सरकणार, मग जुना स्कॅन काय कामाचा? आमच्याकडे जॉब, म्हणजे जोडायचा पत्रा, जरा हलला की वेल्ड चुकतो. त्या म्हणाल्या, म्हणूनच टेबलावर तोंड उघडं ठेवून पुन्हा स्कॅन घेतो आणि तो बघत कापतो. माझ्या हुशारीवर खूश दिसल्या.
तारीख पुढच्या आठवड्यातली देत होत्या. मी जानेवारी मागितली. डिसेंबरअखेर शटडाऊन, वर्षाचं मेंटेनन्स, माझ्याशिवाय लाइन उभी राहत नाही. मॅडम म्हणाल्या, गाठ थांबणार नाही. दुसऱ्या, मोठ्या ऑपरेशनचंही काही सांगत होत्या. मी हो हो केलं. डॉक्टर घाबरवतातच.

३० नोव्हेंबर
सुप्रियाशी भांडण. म्हणते, अहो, मशीनला स्पेअर मिळतो. बायकांना मेंटेनन्स कळत नाही.
आईला सांगायचंय. तिला आता दिसत नाही. रोज फाटकातून ‘आई, आलो गं’ ऐकू आलं की मगच जेवायला बसते. रविवारी सांगतो.

२८ डिसेंबर
आवाज बसलाय. थंडी फार. माझ्या हाताखालचा समाधान म्हणाला, भाऊ, तुम्ही जावा, आमी बघतो. हा काय बघणार!
तंबाखू एक तारखेपासून नक्की.

६ जानेवारी
उद्या ऑपरेशन. आईला म्हटलं, ट्रेनिंगला चाललोय. आल्यावर सगळं सांगेन.

१८ जानेवारी
टेबलावरच्या स्कॅनमध्ये गाठ स्वरयंत्रात उतरलेली दिसली. रोबोट बाजूला सरकवला. गळा उघडला आणि स्वरयंत्र काढलं. ते मोठं ऑपरेशन हेच.
समाधानने सुप्रियाला फोन केला. भाऊंना सांगा, काळजी करू नका, लाइन मस्त चाललीय.
रडलो. त्यालाही आवाज नाही.

२६ जानेवारी
कुरुळीला घरी आलो. फाटक वाजलं. आई ओट्यावरून म्हणाली, कोन हाय? मी उभाच. पुन्हा विचारलं, कोन हाय?
सुप्रिया म्हणाली, आई, हे आलेत.
आई म्हणाली, मंग बोलंना का?
नऊ वाजले. आईचं ताट झाकलेलंच आहे.