रिकाम्या वर्गाची हजेरी

१ मार्च १९९३, तंजावूर

इथवर येण्याची खरी किंमत लिहून ठेवतो : रेल्वेत दोन रात्रींचं जागरण, बायकोचा तीन दिवसांचा अबोला आणि पटकीची सुई, जिने दंड अजून ठणकतोय. बदल्यात काय? मॅट्रिक नापास माणसाला प्राध्यापक नापास करायचा अधिकार. स्वस्तात पडलं!

सोलापुरात लाउडस्पीकर भाड्याने देत वर आलो, मग शिकवणीच्या कॅसेटी विकल्या. या नव्या खासगी विद्यापीठाचे ट्रस्टी वेंकटराव यांना असाच कान हवा होता. त्यांची मराठी बखरीतली, हेल तमिळ. पण माणूस रोखठोक. म्हणाले, पटकीच्या महासाथीमुळे वर्ग बंद. प्राध्यापक रिकाम्या खोलीत टेपरेकॉर्डरपुढे शिकवतात, कॅसेटी बसने पोरांच्या गावी जातात. शिकवणं का घसरलं, तेवढं शोधा. प्रत्येकाला शंभरपैकी गुण द्या; चाळिसाच्या आत गुण, त्याची नोकरी गेली.

४ मार्च

कारणांना तोटा नाही. एकाच्या घरी आजारपण. एकाचा दिवस पाणी उकळण्यात जातो. एकाला समोर चेहरे नसले की शब्द सुचत नाहीत. अरे, माझा भोंगा जन्मभर चेहऱ्यांवाचूनच बोलला! पीएचड्यांची ही फौज नुसती कुंथते. खरं कारण एकच, आळस.

सगळ्यांवर कडी संख्याशास्त्राच्या कमलाक्षीबाईंची. रिकाम्या वर्गात आधी हजेरी घेतात! नाव वाचतात, थांबतात. प्रश्न विचारतात, थांबतात. पन्नास मिनिटांत बावीस मिनिटं शांतता. बोलावून विचारलं, तर म्हणाल्या, हजेरीशिवाय वर्ग आपला वाटत नाही सर. शिवाय नवरा नाही, दोन मुली शिकतायत, जरा सांभाळून घ्या. मी फिल्टर कॉफी पाजली, खुशाली विचारली आणि तेवीस गुण दिले.

९ मार्च

शांतता नीट मोजावी म्हणून आवाज पूर्ण वाढवला. पाच नावांनंतर, दर नावाला, अगदी बारीक – ‘उळ्ळेन अम्मा’. म्हणजे हजर, बाई.

कारकून सांबशिवने हजेरीपट दाखवला. पाच नावं लाल शाईने खोडलेली. पटकीत गेली पोरं. बाई तरीही वाचतात, म्हणाला. नावं ताडून पाहिली. तीच पाच.

मी हसलो. पोरं मेली तरी प्रॉक्सी सुटत नाही म्हणायची! बाईच आवाज काढत असणार. गुणांसाठी माणूस काय काय करतो.

११ मार्च

आजच्या टेपवर सहा. सहावी लावण्या नावाची मुलगी. सांबशिव म्हणाला, छे, ती ठणठणीत आहे, कालच तिचं कार्ड आलं.

१३ मार्च

लावण्या गेली. शुक्रवारी संध्याकाळी. टेप गुरुवारची.

बाईंना गाठलं. त्या शांतपणे म्हणाल्या, मुलं उत्तर देतात म्हणून तर मी थांबते. मध्येच कसं तोडू?

तेवीस गुणांचा कागद वेंकटरावांच्या हाती दिला. आळशीपणाचा शेरा मारून. भ्यालो म्हणून दिला, हे फक्त इथे लिहितो. बाई दुपारच्या बसने मुलींना घेऊन भावाकडे गेल्या, ओरत्तनाडूला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१५ मार्च

वेंकटरावांना छाती ठोकून सांगितलं, उद्या भर दुपारी त्याच वर्गात मी बोलतो. हजेरी नाही, थांबणं नाही. सलग पन्नास मिनिटं. ऐकू दे या विद्वानांना, बोलणं कशाला म्हणतात ते! सांबशिव मागे मागे आला – हजेरी तेवढी घ्या अय्या, वाट बघत असतील.

येडा.

१६ मार्च

बोललो. घड्याळ लावून. एकदाही थांबलो नाही – मला तरी तसंच आठवतं. मागचे बाक मात्र –

चार वाजता

टेप ऐकली. परत ऐकली.

बाई हजेरी घेतायत. त्या तर शनिवारीच –

सहा जण उत्तर देतात. मग सातवं नाव. माझं.

आवाज ओळखण्यात हे कान कधी –

पोटात कळ. बसवत नाही.

टेपवर माझं भाषण चार मिनिटं आहे. उरलेली शेहेचाळीस मिनिटं मी एकच शब्द –