साडूची ‘वाफ’, माझं ‘वल्हे’

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी ७.१०
आजपासून मासिक. ठरलं म्हणजे ठरलं. विषय : जुन्या लाकडी नावा. मराठीत या विषयावर एकही मासिक नाही. मी स्वतः शोधलं, मोबाईलवर, चांगली पाच मिनिटं. नाव ‘वल्हे’. संपादक, मालक, प्रकाशक : उद्धवराव, म्हणजे मी.
याचा आणि बन्सीधरच्या ‘वाफ’चा काडीचाही संबंध नाही, हे इथंच नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी ६.३०
सोनं द्यायला बन्सीधर आला होता, पूर्णेहून, जोडीनं. माझा साडू. माझी बायको सुमंगला, तिच्या थोरल्या बहिणीचा, सविताअक्कांचा नवरा, म्हणून थोरला जावई. रीतीनं मी जायचं, तर हाच आला, मोठेपणा दाखवायला. रेल्वेतून रिटायर झाला आणि जुन्या वाफेच्या इंजिनांवर ‘वाफ’ काढली. चारशे वर्गणीदार. सासरे किशनराव तर अंक उशाशी घेऊन झोपतात. मला पस्तीस वर्षांत त्यांनी एकच प्रश्न विचारलाय, जेवण झालं का.
तो गेल्यावर सुमंगला म्हणाली, दाजी ह्या वयात बी काहीतरी करायलेत. तो ‘बी’ मला लागला.
मासिकाचं मी त्याला सांगितलं होतं. म्हणाला, लय भारी, पहिला वर्गणीदार मला करा. आतून जळला असणार. वरून हसत होता.

९ ऑक्टोबर
अडचण : परभणीत नावा नाहीत. मी याकडं संधी म्हणून बघतो. समुद्राकाठच्या माणसाला नावेचं काय कौतुक?
संपादकीय लिहून झालं. ‘लाटांवर हेलकावणारं माझं बालपण’. बालपण देवगाव फाट्यावर गेलं, पण वाचकाला भावना पाहिजे असते.
सुमंगलानं विचारलं, तुमी कधी नावेत बसलाव का. म्हणालो, क्रिकेटवर लिहिणारे सगळे काय सेंच्युरी मारून आलेले असतात? ती म्हणाली, ग्राउंडावर तरी जात असतील.
मला पाण्याची भीती नाही. पाण्याबद्दल आदर आहे. लहानपणी काकांनी पोहायला शिकवायचं म्हणून विहिरीत ढकललं होतं, तेव्हापासून आदर आहे.

१४ ऑक्टोबर
नाव सापडली. गंगाखेडच्या अलीकडं, गंगेकाठच्या (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) एका गावात. सागवानी. मालक भुजंग, सत्तरीचा नावाडी. पूल व्हायच्या आधी अख्खी वऱ्हाडं त्यानं पलीकडं नेलीत, आता मासे धरतो. त्यानं विचारलं, ह्या लाकडाचा फोटू घ्यायला गिऱ्हाईक हाय का. मासिकाचं सांगितल्यावर खूश झाला, म्हणाला, बसा, एक चक्कर मारून आणतो. मी म्हणालो, कॅमेऱ्याला ओल लागेल. त्यानं माझ्या मोबाईलकडं बघितलं आणि नाव परत बांधून ठेवली. समजूतदार माणूस.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
सासुरवाडीला. टॉवेल-टोपी आधी बन्सीधरला, मग मला. त्याचा टॉवेल मोठा होता. सुमंगला म्हणते, दोन्ही एकाच गठ्ठ्यातले. डोळ्यांना दिसतं ते दिसतं.
जेवताना बन्सीधर सांगायला लागला, ‘वाफ’चा पहिला अंक कसा इंजिनाशेजारी उभं राहून प्रकाशित केला. सगळे माना डोलवायलेत. मी बोलून गेलो, आमचा अंक तर भर गंगेत निघणार, नावेत बसून, सोळा नोव्हेंबरला. सासऱ्यांचा घास हातात राहिला. आणि सुमंगला माझ्याकडं बघत राहिली. मागं असं कधी बघितलं होतं, मला आठवत नाही. त्या बघण्यासाठी मी मासिक काय, दैनिक काढीन.

३ नोव्हेंबर
निमंत्रणं. इथं मी डोकं लावलंय. आपल्याकडं सोयऱ्याला बोलवायचं तर घरी जाऊन, अक्षता देऊन, तोंडानं बोलवावं लागतं. थोरल्या जावयाला तर जोडीनं जाऊन. बन्सीधरला मी पत्रिका व्हॉट्सअॅपवर टाकली. तीसुद्धा फॉरवर्ड केलेली, म्हणजे वर तसं लिहून येतं. आता हा रुसणार. येणार नाही. आणि लोक म्हणतील, बघा, कसा मनाचा कोता आहे.
निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दोन भाकरी जास्त गेल्या.

४ नोव्हेंबर
सुमंगलाला कळलं. दिवसभर भांडी आदळत होती. शेवटी म्हणाली, माझ्या माहेरची अब्रू तुमी मोबाईलवर पाठवली. मी म्हणालो, जमाना डिजिटल आहे.

१० नोव्हेंबर
नावेची प्रॅक्टिस. रोज पंधरा मिनिटं घरातल्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, डोळे मिटून. आज चौथ्या मिनिटाला उतरलो. बंगई फार हलते, नाव जड असते. तयारी समाधानकारक.

१५ नोव्हेंबर
बन्सीधर आला. एक दिवस आधी. वर म्हणतो, घरच्या कार्याला कसलं आलंय बोलावणं, तुमी मेसेज टाकला हेच लय झालं. ती पत्रिका त्यानं ‘वाफ’च्या चारशे जणांना पाठवलीये. दुपारी जाऊन भुजंगशी बोलून खुर्च्या, चहा, सतरंजी सगळं लावूनही आला.
असल्या माणसाचं काय करावं? रुसायची पाळी माझ्यावर आली.

१६ नोव्हेंबर, रविवार. पहाटे ५.३०
आजचा दिवस माझा. भाषण तोंडपाठ. थोरला जावई आज खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार.

दुपारी ३
तांत्रिक कारणामुळं मी काठावर राहिलो.
कारण असं की संपादकाला पूर्ण दृश्य दिसावं लागतं. शिवाय नावेच्या तळाशी पाणी होतं. भुजंग म्हणाला, लाकूड फुगायला तेवढं लागतंच, न्हाईतर फटी पडतात. मी एक पाय टाकला. नाव सरकली. मी पाय परत घेतला. हे साठेक लोकांनी बघितलं. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. सासरे म्हणाले, मुहूर्त चाललाय, थोरले जावई, तुमी बसा. बन्सीधर हात पुढं करून म्हणाला, उद्धवराव, धरा, मी हाय ना. त्याचा हात धरायचा? मी म्हणालो, जा तुम्हीच.
सुमंगला आधीच बसलेली होती. ती उतरली नाही. नाव गेली. मी काठावर, नावेत गेलेल्यांच्या चपलांशेजारी. भर गंगेत बन्सीधरनं अंक वर धरला, टाळ्या झाल्या. सुमंगला हसत होती. लांबून स्पष्ट दिसलं.

१८ नोव्हेंबर
पेपरात फोटो. ‘बन्सीधररावांच्या ‘वल्हे’ मासिकाचं गंगेत प्रकाशन.’ खुलासा लिहायला बसलो, तोच त्याचा फोन. म्हणाला, चूक झालीये, मी दुरुस्ती पाठवली, तुमचं नाव मोठ्या अक्षरात टाका म्हणून सांगितलंय. या माणसाला चांगुलपणाचा रोग आहे. फोटो कापून कपाटाला चिकटवला, पुरावा म्हणून. येता-जाता बघतो आणि पेटतो.

२४ नोव्हेंबर
वर्गणीदार एकशे बारा. एकशे अकरा ‘वाफ’वाले, एक भुजंग. भुजंगला वाचता येत नाही.

२६ नोव्हेंबर, सकाळी ९
सुमंगला चहा घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, दाजींसोबत नावेत लय हसत होतीस. ती म्हणाली, हसत न्हवते, ऊन डोळ्यावर येत होतं. मग कप ठेवून म्हणाली, अक्का शेजारी बसायली होती, तिला म्हणलं, तिकडं बस, हे येतील. नाव सुटली तरी मी जागा धरून होते.
मी म्हणालो, तांत्रिक कारण होतं. ती बरं म्हणाली आणि कणीक मळायला गेली.
कपाटावरचा फोटो जवळ जाऊन बघितला. बन्सीधर पार टोकाला उभा आहे. अक्का मागच्या फळीवर. सुमंगलाच्या शेजारी एक माणूस बसेल एवढी फळी मोकळी आहे, आणि सुमंगलानं तिथं हात ठेवलाय. आठ दिवस हा फोटो बघतोय, पण मी फक्त बन्सीधरलाच बघत होतो.
दुसऱ्या अंकाला अजून एकही लेख नाही. भुजंगला विचारायला पाहिजे, ती चक्कर दोघांना मारून आणतो का.