शांताकाकू आणि अर्धी ओवी

रविवार, संध्याकाळ. चाकूर.

आईला न विचारता मी शेजारच्या शांताकाकूंना वाकळ शिवायला बोलावलं. बांधावरच्या बाभळीवरून दोघींचा वर्षभर अबोला. बोलावलं ते चुकलं का? सकाळपासून हेच डोक्यात.

काकू आल्या आणि वाकळीभोवती जमलेल्या गल्लीतल्या बायकांमध्ये नेमक्या आईच्या समोर बसल्या. आमच्याकडे टाके घालताना एकीनं अर्धी ओवी म्हणायची आणि समोरचीनं ती पुरी करायची. मला वाटलं, आई आज गाणारच नाही.

बऱ्याच वेळानं, टाक्यावरची नजर न काढता, आई गायला लागली, "दारावरनं जाती सखी, मान वळवीना बाई..."

सगळ्यांच्या सुया थांबल्या. काकूंनी दातानं दोरा तोडला, तोही इतक्या सावकाश की मला उठून जावंसं वाटलं. मग त्यांनी उचललं, "उंबऱ्यात बसली सखी, ये म्हनंना काई."

बायका खो खो हसल्या. आई हसली नाही. "टाके लई लांब घालायलीस, शांते. उसव ते."

"आता न्हाई व्हत. उद्या येऊन उसवते."

"सकाळीच ये मग. च्या इथंच घे."

काकू गेल्यावर मी आईजवळ जाऊन बसलो. विचारायला हवं होतं, म्हणालो.

"इचारलं असतंस," आई म्हणाली, "तर मी न्हाईच म्हनले असते."