अर्धा कोयता

९ नोव्हेंबर १९९३, धुळे

आज अकरा अर्ज नाकारले. पेन एकदाही अडखळलं नाही. ही माझी प्रगती!

देवपूरच्या वसतिगृहात खाटा चाळीस, अर्ज एकोणसाठ. आई-बाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेल्या पोरांना आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ठेवून घ्यायचं, शाळेत घालायचं, दोन वेळ जेवू घालायचं. एवढी साधी योजना. पण पात्र कोण, ते मी ठरवायचं. अट एकच — दोन्ही पालक गेलेले हवेत. पुरावाही एकच — मुकादमाची यादी. एका मुकादमाने तर सख्ख्या भाच्याचा अर्ज घुसवला होता. त्याची आई घरी फराळाची शेव पाडत बसलेली, मी स्वतः जाऊन पाहून आले.

शेवटी साक्रीकडची एक म्हातारी आली. सोबत नात, सुगंधा, चौथीतली. अर्ज पोरीनेच लिहिलेला, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. आई-बाप दोघं गेले का, विचारलं. म्हातारी म्हणाली, "बाप गया. माय मरी गयी, दोन वरीस व्हयनात."

आणि यादीत काय? ‘तोताराम व बायको.’

मग दुसरी केली का? तर नाही म्हणे. मग यादीतली बायको कोण? म्हातारी नातीकडे पाहू लागली. पोरगी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. मी अर्ज बाजूला ठेवला.

११ नोव्हेंबर

गिरधरभाऊ, आमचे कारकून, म्हणाले, "मॅडम, यादीत बायको आहे ना? मग आहे. मेलेली माणसं रेशनची साखर उचलतात, ही ऊस तोडेल." हसले. मीही हसले. घरी येऊन स्वतःचीच शिसारी आली.

१३ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. एकटीने पणत्या लावल्या. डोक्यात तोतारामची बायको.

१७ नोव्हेंबर

म्हातारीच्या गावी एसटीने गेले, पुढे तीन कोस पायी. अर्धं गाव कुलूपबंद. ओट्यांवर म्हातारी माणसं आणि शेळ्या.

सुगंधानेच सांगितलं. आजी नको नको करत होती, पण पोरीला खोटं बोलायचा सराव नाही. "माझी ताई गेली, बाई."

ताई म्हणजे बेबी. चौदा वर्षांची. तीन वर्षांपूर्वी शाळेतून नाव कमी झालेलं — हजेरीपट पाहिला मी.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून गाडीवर चढवते. दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा, आणि अर्धा कोणी नेत नाही. पितांबर मुकादम तोतारामला म्हणाला, जोडी दाखव नाहीतर घरी बस. जोडी म्हणून पोरगी दाखवली. कोवळेपण दिसू नये म्हणून तिला आईचं लुगडं नेसवलं. निऱ्या राहीनात. सुगंधाने शेळीच्या दाव्याचा तुकडा कमरेला बांधून दिला. हे पोरगी मोठ्या कौतुकाने सांगत होती, आपल्याला ते सुचलं म्हणून!

म्हातारी म्हणाली, "एकला माणूसले कोन लई जास, बाई?" तिने गुळाचा चहा दिला. प्यायले.

१८ नोव्हेंबर

आमच्या लीलाधर साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "सुनंदाबाई, बायको ऊसतोडीला गेली असं लिहा, पोरीला खाट द्या. तुम्ही खरं लिहायला बसलात तर वसतिगृह ओस पडेल."

वाईट माणूस नाही हा. माझ्यापेक्षा शहाणा असेल.

पण मी सही कशावर करू? चौदा वर्षांची पोर तिच्या बापाची बायको आहे, यावर? दिवसभर कागद समोर ठेवून बसले. एका सहीने धाकटीचं साल वाचतं. त्याच सहीने थोरली कायमची पुसली जाते. आणि मला वाटत होतं की खरं लिहिलं तर वर कुणीतरी वाचेल, दोघींचं काहीतरी करेल. वीस वर्षं नोकरी करून हे वाटत होतं!

सगळं खरं लिहिलं. आई मयत. सोबत अल्पवयीन मुलगी नेलेली. विशेष बाब म्हणून धाकटीला प्रवेश द्यावा, थोरलीला परत आणावं. खाली सूचना — यापुढे मुकादमांनी नुसतं ‘व बायको’ न लिहिता पत्नीचं नाव, वय आणि मुलांचा तपशील द्यावा. रकाने आखून नमुनाही जोडला.

३० नोव्हेंबर

आदेश आला. सुगंधा अपात्र. आई मयत असल्यामुळे ‘दोन्ही पालक स्थलांतरित’ ही अट पूर्ण होत नाही.

म्हणजे आई जरा जास्तच लांब स्थलांतरित झाली.

बेबीबद्दल एक अक्षर नाही. नमुना मात्र मंजूर, जसाच्या तसा. गिरधरभाऊ म्हणाले, अभिनंदन.

४ डिसेंबर

वसतिगृहाला भेट. एकोणचाळीस पोरं. बाकीचे अर्ज अपात्र, त्यामुळे एक खाट रिकामीच. तिच्यावर कुणीतरी ओले टॉवेल वाळत घातलेत. मी सगळे उचलून घड्या घातल्या. रेक्टरबाई बघत राहिल्या.

२१ जानेवारी १९९४

साक्रीकडे तपासणी होती, मुद्दाम वाट वाकडी केली. सुगंधा गावच्या शाळेत येते अजून. एक दिवस आजीची, एक दिवस शाळेची, असं चालतं. मला पाहून पळत आली. "बाई, माझी खाट आहे का अजून?"

हो म्हणाले. काय म्हणणार होते?

परतीच्या एसटीत रडले. शेजारी एक बाई टोपलीभर वांगी मांडीवर घेऊन बसली होती. तिने सरकून खिडकी दिली.

२ मार्च

तिसरं स्मरणपत्र धाडलं. साहेब म्हणतात, तुमच्या पत्रांची आता वेगळी फाईल केलीय. एवढं लिहून काय होतं, कळत नाही. झोप नाही, जेवणावर वासना नाही. सकाळी उठून पुन्हा लिहिते.

१३ मे

आखाजी. गल्लीत लिंबाला झोके बांधलेत, माहेरवाशिणींची गाणी चाललीत. ऊसवाले परतले.

गिरधरभाऊ त्याच भागातले, त्यांनी बातमी आणली. बेबीचं लग्न ठरलं, पुढच्या सोमवारी हळद. पंधराव्या वर्षी. ऐकून मी काय म्हणाले? "सुटली एकदाची." तोंडातून निघून गेलं. तोडीपासून सुटली, एवढंच मनात होतं. पंधराव्या वर्षाच्या लग्नाला मी सुटका म्हणते आता! कुठवर आले मी.

तक्रार करू का, विचार केला. मग स्वतःच्या पत्रांची फाईल आठवली. नाही केली. हेही इथे लिहून ठेवते.

८ जुलै

आज मात्र पेन अडखळलं!

नवा नियम आला. एक पालक मयत असल्यास दुसऱ्याचं स्थलांतर पुरेसं. पत्रात माझ्याच पत्राचा क्रमांक. साहेबांनी चहा मागवला. "जिंकलात, सुनंदाबाई." मी नवीन वही काढली, पात्र मुलांच्या यादीत पहिलं नाव लिहिलं — सुगंधा तोताराम. शाई वाळेपर्यंत बघत बसले.

१० जुलै

रविवार असूनही सुगंधाच्या गावी गेले. तोताराम घरी होता. पहिल्यांदाच पाहिला. वाळलेला, खाली मान घालून बोलणारा माणूस. म्हटलं, तात्या, दिवाळीला पोरीला आणून सोडा, जागा पक्की आहे, कागद काही लागणार नाही. हो बाई, म्हणाला. दोनदा म्हणाला. मग उठून शेळीला पाणी दाखवायला गेला, ते मी निघेपर्यंत आलाच नाही. लाजाळू असेल.

सुगंधाने दप्तर दाखवलं. पाचवीची पुस्तकं जुनी घेतलीत, पुठ्ठे स्वतः चढवलेत. बेबीची खुशाली विचारली. सासरी बरी आहे म्हणे.

३ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. वसतिगृह पाच दिवसांनी उघडेल. दाराजवळची खाट वाईट, वारं लागतं. तिच्यासाठी खिडकीखालची ठेवायला सांगितलीय. रेक्टरबाईंनी खडूने नावही घातलं.

८ नोव्हेंबर

अडतीस आली. सुगंधा नाही. वाट पाहू. म्हातारीला एवढा प्रवास झेपत नसेल.

१० नोव्हेंबर

पितांबर मुकादमाची यादी आली. माझ्याच नमुन्यात. एकही रकाना रिकामा नाही.

कोयता क्रमांक सतरा. तोताराम, वय चाळीस. पत्नी सुगंधाबाई, वय एकोणीस. मुले — नाहीत.