आईने काढलेला समुद्र

प्रिय कशावरूनराव,

या नावाने तुला हाक मारणाऱ्या आता आई आणि मी दोघीच उरलो, म्हणून मुद्दाम तसंच लिहितेय. तुझे विद्यार्थी तुला सर म्हणत असतील, पण बाबांनी ठेवलेलं नाव असं सहजासहजी सुटत नाही. चंद्र आपल्या मागे मागे येतो असं कुणी म्हटलं, की तू कमरेवर हात ठेवून विचारायचास, कशावरून? साहित्यातला भास आणि वास्तव या विषयावर तू भाषणं देतोस, लोक टाळ्या वाजवतात, याचं मला काडीचं नवल वाटत नाही. बोलायला लागल्यापासून तू दुसरं केलंयस काय!

मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. परवा फोनवर आई तुला म्हणाली, एकदा समुद्रावर जाऊन येऊ रे, मागे सगळे गेलो होतो तिथेच. आणि तू तिला नीट समजावून सांगितलंस, की आई, आपण समुद्रावर कधी गेलोच नाही, तो बाबांच्या स्टुडिओतला पडदा होता. तू आवाज चढवला नाहीस, हे खरं. बोललास तेही खरंच. पण फोन ठेवल्यावर तिने त्या पडद्यासमोर काढलेला आपला फोटो मला भिंतीवरून काढायला लावला आणि उशाशी पालथा ठेवला. त्यानंतर ती जेवली, औषधं घेतली, पण आपणहून बोलेनाशी झाली. डॉक्टरीणबाई म्हणतात, प्रवासाचं नाव काढू नका, आता जिनासुद्धा उतरायचा नाही. फार दिवस उरले नाहीत असं त्या तोंडाने म्हणाल्या नाहीत. नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चपला शोधायला लागल्या.

तुला तो स्टुडिओ कितपत आठवतो कोण जाणे. पुढे काउंटर, मागे फोटो धुवायची काळोखी खोली, मध्ये पडद्याची खोली आणि वरच्या मजल्यावर आपण. बाबांनी त्या पडद्यावर आभाळ काढलं, वाळू काढली, कडेला एक होडी काढली. पाणी मात्र त्यांना काही केल्या जमेना. काढायचे, पुसायचे, स्वतःवरच चिडायचे. शेवटी ब्रश आपटून वर जेवायला निघून गेले. ते जेवत होते तेवढ्यात आईने बाह्या सरसावल्या, फरशीचं फडकं पांढऱ्या रंगात बुडवून घट्ट पिळलं आणि पडद्यावर टिपत टिपत गेली. लाटांना फेस आला! बाबा खरकट्या हाताने खाली आले आणि बघतच राहिले. समुद्र दोघांनीही कधी पाहिला नव्हता. आईने फेस पाहिला असेल तर तो कपडे धुतानाचा.

मग काय, सगळ्या गावाला समुद्राचं वेड लागलं. पोस्टमास्तर समुद्रावर, शिंपीकाका सहकुटुंब समुद्रावर, शाळेच्या हेडबाई छत्री उघडून समुद्रावर. कुणाच्याही घरी जा, भिंतीवर तीच होडी आणि होडीवर तोच कान तुटलेल्या सशासारखा ढग. आणि माणसं किती निर्ढावलेली! एकमेकांच्या घरी बसून विचारायची, अरे वा, तुम्ही कधी जाऊन आलात? समोरचा गंभीरपणे सांगायचा, की हवा छान होती, पण वारा फार. हसू कुणालाच यायचं नाही. मला तेव्हा ती ढोंगी वाटायची. आता वाटतं, त्यांनी एकमेकांना एक सुट्टी देऊन टाकली होती.

माझंही सांगते, म्हणजे तुला दोघींना एकदमच वेड्यात काढता येईल. लग्नानंतर ह्यांनी मला पहिल्यांदा खरा समुद्र दाखवला. हे भारावून उभे, आणि माझ्या मनात पहिला विचार आला, की वास चुकलाय. माझ्या समुद्राला पडद्यावरच्या सरसाचा आणि ओल्या रंगाचा वास होता. तो येईना, तेव्हा मला बाबांची इतकी आठवण झाली, की मी तिथेच रडायला लागले. ह्यांना वाटलं, आनंदाने रडतेय. मीही तसंच वाटू दिलं.

तर आता त्या फोटोबद्दल. तुझ्या भाषणात तू त्याचा दाखला देतोस, हे मला ठाऊक आहे. मी एकदा शेवटच्या रांगेत बसून ऐकलंय. आई, मी आणि तू पडद्यासमोर. तुझी पँट गुडघ्यापर्यंत वर, हातात चपला, नजर खाली पायांकडे. आई कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून तुझ्याकडे बघून हसतेय. तू लोकांना सांगतोस, की बघा, फोटोग्राफर बापाने मुलाच्या हातात चपला देऊन बनाव किती बारकाईने रचला होता. तेव्हाच तुला अडवायला हवं होतं. पण तू छान बोलत होतास, आणि बहिणीने भावाला भरसभेत टोकायचं नसतं, म्हणून गप्प बसले.

काल मात्र गप्प बसवेना. ह्यांना शिडीवर चढवून माळ्यावरची त्या पडद्याची गुंडाळी खाली काढली. वाटेत ह्यांनी धूळ किती खाल्ली आणि मला किती ऐकवलं, ते तू आल्यावर त्यांच्याच तोंडून ऐक. पडद्याच्या घड्यांवर रंग उडालाय, होडीचा नांगर उंदरांनी नेलाय. आईच्या पलंगासमोर, कपाटापासून खिडकीपर्यंत तो टांगला. मी तिला उशीला टेकवून बसवलं. ती खूप वेळ बघत राहिली, मग हात पुढे केला. आम्ही पलंग सरकवला. तिने बोटांनी फेस चाचपला आणि म्हणाली, इथे पांढरा उडालाय, पुन्हा एक हात मारायला हवा. तुझ्या फोननंतर पहिल्यांदा आपणहून बोलली! मला वाटलं, चला, तुझंच जिंकलं, तिला पडदा कळला. तेवढ्यात तिने माझं मनगट धरून मागे ओढलं आणि म्हणाली, सरक गं, पाणी येतंय. दोन्ही एकाच दमात, एकाच आवाजात. यातलं कुठलं खरं, ते तू ठरव. मला ठरवावंसं वाटत नाही.

संध्याकाळी तिने पालथा फोटो सुलटा केला आणि विचारलं, धाकटा कुठाय? तो आल्याशिवाय फोटो काढायचा नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या हातात चपला कुणी दिल्या नव्हत्या रे. पडदा नुकताच वाळला होता, बाबांनी आपल्याला उभं केलं आणि कॅमेऱ्यामागे गेले. तू लाटांकडे एकदा नीट पाहिलंस, काही न विचारता चपला काढल्यास, पँट वर केलीस आणि पाय भिजायची वाट बघत उभा राहिलास. बाबा इतके हसले, की त्यांचा कॅमेरा हलला. बारकाईने बघ, फोटोत सगळंच जरा पुसट आहे, होडीसुद्धा. आई समुद्रावर गेली होती ती त्या दिवशी, तुझ्यामुळे. तेव्हा मिळेल ती गाडी पकडून ये, भाषणं राहू देत. आणि माझं एवढं ऐक, जिन्यातच बूट काढून हातात घे, पँट गुडघ्यापर्यंत दुमड आणि मगच दार ढकल. आत पाणी आहे.

वाट पाहणारी, फोटोआधी तुझा भांग नीट करायला कंगवा घेऊन बसलेली,
तुझीच
ताई