खिशातला कांदा

तिवसा,
ता. ९ डिसेंबर १९४८

प्रिय शालिक,

दर पत्रात सुरुवातीला चिरंजीव लिहितो. आज दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी तुझी विमानाची परीक्षा आहे, तू एकटा वर जाणार आहेस, आणि तो शब्द लिहिताना हात पुढे सरकेना. म्हणून या वेळी प्रिय. तू हसशील की म्हाताऱ्याला काय सुचेल सांगता येत नाही.

तुझे पत्र सोमवारी पोचले. परीक्षा घेणारा साहेब खाली मैदानात उभा राहून बघतो आणि परीक्षा देणारा एकटाच वर असतो, असे तू लिहिलेस. मी आजवर समजत होतो की साहेब मागच्या बैठकीवर असतो आणि काही चुकले तर हात घालतो. दोन हजार फुटांवर इंजिन बंद करायचे आणि तसेच तरंगत खाली येऊन चुन्याच्या रेघेजवळ उतरायचे. मग दोन खांबांभोवती पाच वेळा इंग्रजी आठाचा आकडा काढायचा. मी ते चार वेळा वाचले. तू थंडीत गळ्याशी काही गुंडाळतोस की नाही, सकाळी उपाशी जातोस की काही खाऊन, हे मात्र लिहिले नाहीस. खानावळीतले वरण तुला पचत नव्हते, त्याचे काय झाले?

इकडे अंबिया बहाराची संत्री उतरवणे चालू आहे. फळ बरे आहे, पण साल सैल पडली. माझा खोकला तसाच आहे. वांग्यांना कीड आहे. हे सगळे लिहिण्यासारखे नाही, तरी लिहितो आहे, कारण जे लिहायचे आहे त्याच्याकडे जाताना पाय ओढावे लागतात.

दिवाळीत तू आलास तेव्हाचे आठवते का? विहिरीकडच्या दोन आंब्यांना खांब समजून तू आठाचा आकडा चालून पाहत होतास, दोन्ही हात पसरून, वळताना एक खांदा खाली करून. झेंडू तोडायला आलेल्या बाया कामे टाकून पाहत राहिल्या. मनकर्णाबाई म्हणाली, "शालिकभाऊ, नांगराले बैल नाही भेटले वाटते." तूही हसलास आणि म्हणालास, "काकू, तुमाले जुंपू का दुसऱ्या बाजूनं?" मग ती म्हणाली, "नोको बापा, असं गरगर फिरून भोवळ येईन अन् पडशीन कुठी." सगळ्या बाया हसल्या. मी पाटाचे पाणी पाहायला निघून गेलो. पाणी त्या दिवशी सोडलेलेच नव्हते.

संध्याकाळी तू वही माझ्या हातात दिलीस. माझी मराठी तिसरी झालेली, इंग्रजीचे एक अक्षर येत नाही, म्हणून तू सगळे प्रश्न माझ्यासाठी बाळबोधीत मोठ्या अक्षरांत उतरवून आणले होतेस. शालिक, माझ्या आयुष्यात मला कोणी एवढा मान दिला नाही. ओसरीवर कंदील ठेवून मी बोट फिरवत विचारायचो आणि तू खांबाला टेकून उत्तर द्यायचास. डाव्या पंखावर दिवा कोणता? लाल. उजव्या? हिरवा. समोरून दुसरे विमान आले तर कोणी कुठे वळायचे? दोघांनी आपापल्या उजवीकडे. मी म्हणालो, "आपल्या बैलबंडीवाल्याइले कोणी शिकवलं असतं तं बरं झालं असतं." तू म्हणालास, "बाबा, तुमीच परीक्षा द्या, तुमी पास व्हान." आपण दोघे इतके कधी हसलो होतो ते मला आठवत नाही. तुझी आई असती तर आतून ओरडली असती की वेडे झाले दोघे.

मग एक पान आले. डॉक्टरने विचारलेले प्रश्न तू तिथे उतरवले होतेस आणि पुढे तुझी उत्तरे होती. दृष्टी, कान, हाडमोड. चौथा प्रश्न होता, "घेरी, फेफरे, झटके कधी आले होते काय?" पुढे तू लिहिले होतेस, "नाही." मी थांबलो तेव्हा तू म्हणालास, "ते सोडा बाबा, ते झालं. डॉक्टरनं ठप्पा मारून देल्ला." मी पान उलटले. त्या वेळी मी एवढेच केले, एक पान उलटले, आणि तेव्हापासून मला झोप नाही.

तू खोटे लिहिले नाहीस. तुला माहीत नव्हते. तुझ्या जिभेवर डाव्या बाजूला जी खूण आहे ती तू चिंचेवरून पडलास तेव्हाची नाही. तू चिंचेवरून कधी पडलाच नाहीस. तू चार वर्षांचा होतास, दुपारी जेवताना तुझे डोळे फिरले, दात बसले, हातपाय झटकू लागले. घास तसाच तोंडात होता. तुझ्या आईने कांदा फोडून नाकाशी धरला, मी पायातली वहाण काढून हुंगवली, हातात किल्ली दिली. थोड्या वेळाने तू जागा झाल्यासारखा उठलास आणि पाणी मागितलेस. मग सहाव्या वर्षी एकदा आणि नवव्या वर्षी एकदा. दर वेळी आम्ही तुला काहीतरी सांगितले. ताप होता, पडलास, माती खाल्लीस. मोर्शीच्या वैद्याने सांगितले होते की पंचवीस पुरी झाली की हे आपोआप जाते. नऊनंतर अकरा वर्षे काही झाले नाही. आम्हाला वाटले, वैद्य म्हणाला त्याच्या आधीच गेले.

मी तुझ्या आईला म्हणायचो, "हे तुह्या माहेरचं." तिच्या माहेरी असे कोणालाही नव्हते. ती एकदाच म्हणाली, "तुमी म्हणान तेच खरं." आता माफी मागायला ती नाही.

वामनरावांची सोयरीक आली तेव्हा तू वीस वर्षांचा होतास. अकोल्याला जठारपेठेत घर, कापसाची अडत, एकुलती पोरगी. आपल्यासारख्या भाजीपाला नि फुले विकणाऱ्याच्या दारी असे स्थळ चालून येत नाही. सुपारी फुटली. तिथीला वीस दिवस राहिले होते आणि वैशाखाच्या उन्हात तू पाट फोडत असताना पडलास. मी धावत आलो तेव्हा तुझे तोंड चिखलात होते. मी तुला पालथ्याचा उताणा केला म्हणून तू वाचलास. उठल्यावर तू विचारलेस, "काय झालं बाबा?" मी म्हणालो, "ऊन लागलं." तू लगेच मान्य केलेस. मी सांगितलेले सगळे तू लगेच मान्य करायचास. मी स्वतःलाही बरेच दिवस ऊनच सांगत राहिलो. पण उन्हाने पडलेल्या माणसाचे दात असे बसत नाहीत.

तुझी आई म्हणाली, "व्याह्याइच्या कानावर घाला." मी म्हणालो, "तुले पोराचं लगन नाही करायचं का?" सगळेच झाकतात. कोणी वय झाकतो, कोणी दमा झाकतो, कोणाच्या पोरीला कानाने ऐकू येत नाही. लग्न होऊन जाते, मग ज्याचे त्याने निस्तरायचे. मी तेच केले. लग्नाचे चारही दिवस माझ्या काळ्या कोटाच्या खिशात कांदा होता. वामनरावांना खिशाचा फुगवटा दिसला. ते चारचौघांत म्हणाले, "व्याही, अत्तराच्या दिवशी कांदा? लोक म्हणतीन पंगतीतलाच उचलला." मी म्हणालो, "ऊन लै हाय." उन्हाळ्यात आपल्याकडे कोणाच्याही खिशात कांदा असतो, म्हणून कोणाला काही वाटले नाही. अंतरपाट धरला होता तेव्हा माझा हात खिशात होता. अक्षता मी डाव्या हाताने टाकल्या.

आता वामनरावांना दोष देऊन काय उपयोग? तरी देतो. त्यांनी तुला नागपूरच्या मोटार कारखान्यात चिकटवले, त्यांनीच विमानाच्या क्लबात घातले, आणि त्यांनीच तुला मळ्यापासून तोडले. शकुनला बाळंतपणासाठी सोडायला मी अकोल्याला गेलो, तर बैठकीत दहा माणसे जमवली होती. म्हणाले, "आमचे व्याही जन्मभर वाफ्यातच वाकून राहिले, वर पाहलंच नाही. पोरगं पाहा कुठं चाललं." मी पानाला चुना लावत बसलो. तिथे माझ्या तोंडावर आले होते. एक वाक्य बोललो असतो तर त्यांचे तोंड जन्माचे बंद झाले असते. पण ते वाक्य तुझ्यावरून गेले असते.

निघताना शकुन दारापर्यंत आली. तिला सातवा लागला आहे, पाय सुजले आहेत, गार पाण्यात पाय घालू नको म्हणून सांग. ती म्हणाली, "मामाजी, लायसन भेटलं का पयले तुमाले बसवणार हायेत, मंग मले अन् लेकराले." तिने हे इतक्या आनंदाने सांगितले की मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पायरी चुकलो. तोपर्यंत मला माहीत नव्हते की ते लायसन मिळाले की माणूस दुसऱ्यालाही सोबत नेऊ शकतो. मला ने. मी उद्या येतो. माझे काय राहिले आहे? पण शकुनच्या मांडीवर पोर असेल आणि तू पुढे बसलेला असशील आणि तुझे दात बसतील, तेव्हा तिथे कांदा फोडायला कोण असणार? तुझे तोंड चिखलातून वर करायला कोण असणार?

तू म्हणशील की चार वर्षांत काही झाले नाही. खरे आहे. कदाचित पुन्हा कधीच होणार नाही. चैत्रात तुला पंचवीस पुरी होतील. वैद्य खरा ठरला, तर मी माझ्या पोराचे पंख फुकट छाटले असे होईल, आणि हे कळायला काही मार्ग नाही. तू असेही म्हणशील की म्हाताऱ्याला मी मळ्यात परत हवा आहे, म्हणून हे सगळे उकरून काढले. शालिक, तीन दिवस मी हेच स्वतःला विचारतो आहे. माझ्या मनात ते अजिबात नाही असे मला शपथेवर सांगता येत नाही. तुझे पत्र आले आणि परीक्षेची तारीख वाचली तेव्हा भीतीच्या खाली आणखी काहीतरी हलले होते. ते चांगले नव्हते. पण ते नसते तरी मी हेच केले असते, एवढे खरे धर.

काय केले ते आता लिहितो, त्यासाठीच हे पत्र आहे. मंगळवारी मी पंजाबराव मास्तरांकडे गेलो आणि तुझ्या क्लबाच्या साहेबाच्या नावे इंग्रजीत पत्र लिहून घेतले. चारही वेळचे सगळे सांगितले, वर्षांसकट. मोठ्या डॉक्टरने तपासल्याशिवाय याला एकटे वर सोडू नये, असे लिहिले. खाली मी मराठीत सही केली, बापाचे नाव म्हणून. मास्तर म्हणाले, "नत्थुजी, हे पोरालेच लिवू द्या ना. त्याले कळवा, तो सोता जाऊन सांगीन." मी म्हणालो, "अन् त्यानं नाही सांगतलं तं?" त्यावर त्यांनी पाकिटावर पत्ता लिहिला. मी तुला ओळखतो. तू माझा मुलगा आहेस, तूही पान उलटले असतेस. साहेबाचे पत्र दोन दिवस आधी टाकले आहे, तेव्हा हे तुझ्या हाती पडेल तोवर त्याने तुला बोलावले असेल. चुगली कोणी केली हे शोधत बसू नकोस, सोबतच्या पोरांवर संशय धरू नकोस, वामनरावांच्या भाऊबंदांशी भांडू नकोस. शकुनला काय सांगायचे ते तू ठरव. वामनरावांना सांगायला मी स्वतः बुधवारी अकोल्याला जाणार आहे, लग्नाच्या आधी जायला हवे होते तसा. या पत्राचे उत्तर आले नाही तरी मी समजेन. दिवाळीची तुझी वही इथेच राहिली आहे. ती मी पाठवत नाही.

तुझाच, आणि तुझा म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेला,
बाप
नत्थुजी